एसीचा कॉम्प्रेसर वापरून गाडीतच हवा: पाचशे आठची पूर्ण जोडणी

सह्यवाट

जुन्या डिझेल जिपा, बोलेरो, सुमो अशा गाड्यांवर एसीचा कॉम्प्रेसर हवा भरण्यासाठी कसा बसवायचा, याची माहिती तुकड्यातुकड्यांनी बऱ्याच ठिकाणी पडली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. पहिली अट अशी की गाडीत चालू एसी असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही. हा वेगळा कॉम्प्रेसर, सँडेन कंपनीचा पाचशे आठ नंबरचा, वेगळ्या ब्रॅकेटवर, वेगळ्या पट्ट्यावर.

जोडणीआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एसीत या पंपाला थंडावा आणि तेल, दोन्ही गॅसबरोबर मिळतं. परत येणारा गॅस थंड असतो आणि त्याच्यात तेल मिसळलेलं असतं. आपण गॅस काढून बाहेरची हवा दिली की दोन्ही एकदम बंद.

त्यात हवा गॅसपेक्षा कितीतरी जास्त तापते. एसीच्या आर-१३४ए गॅसवर चालताना सक्शनला, म्हणजे आत ओढणाऱ्या तोंडाला, साधारण दोन किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि डिस्चार्जला, म्हणजे बाहेर टाकणाऱ्या तोंडाला, बारा ते पंधरा किलो दाब असतो. निरपेक्ष दाबात धरलं तर हे गुणोत्तर पाचाच्या आसपास येतं. हवेत सक्शन शून्यावर आणि डिस्चार्ज आठ किलोवर, म्हणजे गुणोत्तर जवळपास नऊ. ३५ अंशाची हवा एका दमात आठ किलोपर्यंत दाबली तर कागदावरचं तापमान २९० अंशांच्या वर जातं. हेड आणि बॉडी बरीच उष्णता खातात, म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही. तरी एसीची काळी रबरी नळी डिस्चार्जला लावली तर ती आतून कडक होऊन तडकते ती यामुळेच.

म्हणून डिस्चार्जचा क्रम असा ठेवा. कॉम्प्रेसरमधून निघाल्यावर आधी स्टीलची जाळी असलेली टेफ्लॉन नळी, साधारण दीड फूट. इंजिन हलतं आणि चासी हलत नाही, त्यामुळे तांब्याची नळी थेट जोडली तर फ्लेअरपाशी चिरते. टेफ्लॉन नळीनंतर चासीवर किंवा रेडिएटरच्या बाजूला, वारा लागेल अशा जागी तीन आठच्या (३/८ इंची) तांब्याच्या नळीची दोन-तीन मीटरची गुंडाळी. तिच्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), मग टाकी, मग पाणी-तेलाचा फिल्टर, आणि शेवटी रेग्युलेटर व क्विक कपलर. नॉन-रिटर्न गुंडाळीच्या आधी बसवू नका, त्याची सीट भाजते. पितळी बॉडीचा घ्या, रबरी सीटचा नको.

जोडांवर टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा. टेपचा धागा तुटून नॉन-रिटर्नमध्ये अडकला की टाकीची हवा रात्रभर कॉम्प्रेसरच्या हेडमधून गळत राहते, आणि दोष मात्र व्हॉल्वला लागतो.

हवा किती मिळेल? पाचशे आठचं एका फेऱ्याचं माप १३८ सीसी आहे. क्रँक पुली १५० मिमी, कॉम्प्रेसरची पुली १३२ मिमी आणि इंजिन १५०० आरपीएमवर धरलं तर कॉम्प्रेसर १७०० फेरे घेतो. हिशोबाने मिनिटाला २३५ लिटर. यातले ६०-६५ टक्के हातात येतात, म्हणजे १४० ते १५० लिटर. २३५/७५ आर १५ टायरचं पोट ५५-६० लिटरचं असतं. १८ वरून ३२ पीएसआय करायला साधारण ५५ लिटर मोकळी हवा लागते. नळी आणि व्हॉल्वचा अडथळा धरूनही एक टायर मिनिटभराच्या आत होतो. लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या, मिनिटाला ३५ लिटर देणाऱ्या पंपाला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तोही मध्येच तापून बंद पडतो.

ब्रॅकेट ८ ते १० मिमी एमएस (साध्या पोलादी) प्लेटचं, ८.८ ग्रेडचे बोल्ट. पुली रांगेत आहेत का ते सरळ पट्टी टेकवून बघा. दीड मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पट्टा उलटतो किंवा कडेने झिजून पीठ सोडतो. ताण बघताना दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा, १०-१२ मिमी दबला पाहिजे.

पेट्रोलटाकी

छान सुरुवात. दोन शंका. नव्या हॅचबॅकचा कॉम्प्रेसर भंगारात स्वस्त मिळतो, तो चालेल का? आणि जुना घेताना नेमकं काय बघायचं?

पाना_१२

नव्या गाड्यांचे बरेच कॉम्प्रेसर बदलत्या क्षमतेचे असतात. त्यांच्यातली स्वॉश प्लेट, म्हणजे पिस्टन हलवणारी तिरकी थाळी, सक्शनचा दाब पाहून कलते. सक्शनला दाब कमी दिसला की पंप समजतो, कूलिंग पुरेसं झालं, आणि स्ट्रोक कमी करतो. आपल्या जोडणीत सक्शनचा दाब कायम शून्यावरच असणार, त्यामुळे असा पंप फिरतो पण हवा नावापुरती देतो. काही मॉडेलांना क्लचच (पुली पंपाला विजेने जोडणारा-सोडणारा भाग) नसतो, पुली कायम फिरते आणि नियंत्रण विजेच्या व्हॉल्ववर चालतं. त्या वाटेला जाऊ नका. ठराविक क्षमतेचा, क्लचवाला, बॉडीवर तेलाचा बोल्ट असलेला पंप हवा. सँडेनचे पाचशे आठ किंवा सातशे नऊ, किंवा त्यांच्याच घडणीचे इतर कंपन्यांचे. सातशे नऊला सात सिलिंडर आणि १५५ सीसी. तो ट्रॅक्टर-जेसीबीच्या एसी दुकानांतही मिळतो, फक्त क्लच १२ व्होल्टचा आहे ना ते तपासा, कारण मोठ्या वाहनांवरचा २४ चा असतो.

घेताना क्लचची पुढची थाळी हाताने फिरवा. एकसारखे हलके धक्के जाणवले पाहिजेत, कुठे अडकता कामा नये. मग डिस्चार्जच्या तोंडावर अंगठा धरून फिरवा, हवा अंगठ्याला मागे ढकलते. सक्शनला अंगठा आत ओढला जातो. हेडवर एस आणि डी कोरलेलं असतं, त्यावरून तोंडं ओळखा. मल्टीमीटरने कॉइल मोजा, तीन ते चार ओहम आलं पाहिजे. क्लचच्या मागे तेलाच्या रेघा असतील तर शाफ्ट सील गेलेलं आहे. शेवटी तेलाचा बोल्ट उघडून पांढऱ्या कापडावर दोन थेंब घ्या. तेल काळं असेल आणि उन्हात चमचमत असेल तर तो पंप तिथेच ठेवा, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची अजून दुकानं आहेत.

बसवताना क्लचची फट फीलर गेजने ०.४ ते ०.८ मिमीच्या आत ठेवा. जास्त असेल तर पंप तापल्यावर क्लच घसरतो आणि कॉइल जळते.

अजून एक. भंगारातल्या गाडीवरचा पंप तुम्हीच उतरवणार असाल आणि तिच्या एसीत गॅस असेल तर तो हवेत सोडू नका. आर-१३४एचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात. एसीवाल्याकडून मशीनने काढून घ्या.

डिझेलवाला

तेलाबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. मेकॅनिक सांगतात की आतलं तेल राहू द्या, वरून थोडं इंजिन ऑइल टाका, चालतं.

सह्यवाट

नका करू असं. आतलं तेल बहुतेक वेळा पॅग (पीएजी) या कृत्रिम जातीचं असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे बेअरिंग गंजतात. खनिज तेलात ते नीट मिसळत नाही, चिकट गाळ होतो. आधी ते पूर्ण काढा. पंप उलटा करून, थाळी फिरवत, सक्शन, डिस्चार्ज आणि बोल्ट अशा तिन्ही वाटांनी निथळू द्या. निघालेलं तेल मापात मोजून ठेवा.

आता महत्त्वाचं. आतून धुवायला रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नका. आत उरलेली वाफ, गरम हवा आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात होतो तसाच भडका डिस्चार्जमध्ये होऊ शकतो. धुवायचं ते कॉम्प्रेसरच्या नव्या तेलानेच. ५० मिली घाला, हलवा, फिरवा, ओता. असं दोन-तीनदा.

मग आयएसओ १०० ग्रेडचं एअर कॉम्प्रेसरचं तेल, जेवढं जुनं निघालं तेवढं. इंजिन ऑइलमधलं डिटर्जंट पाण्याला धरून ठेवतं, तेल दुधट होतं आणि फेसाळतं. म्हणून डिटर्जंट नसलेलं कॉम्प्रेसर तेलच घ्या.

पाना_१२

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. तेल भरून ठेवलं तरी ते थांबत नाही. क्रँककेसमधून, म्हणजे पंपाच्या पोटातून, सक्शनकडे जाणारी वाट पंपाच्या आतच असते, पिस्टनच्या बाजूने निसटलेला दाब त्या वाटेने परत जातो आणि जाताना तेल घेऊन जातो. बरेच जण त्यामुळे आत ग्रीस भरतात. बोल्टच्या जागी ग्रीस निप्पल बसवायचं आणि लिथियम ग्रीस दाबायचं. बाहेर येणारी हवा जवळपास कोरडी मिळते. महिन्यातून एखाद्या वेळी चार टायर भरणाऱ्याला हा उपाय पुरतो.

सह्यवाट

पुरतो, पण त्याची मर्यादाही लिहायला हवी. डोलणारी प्लेट ग्रीसमध्ये स्वतःपुरती वाट करते आणि बाकीचं ग्रीस भिंतीला चिकटून बसतं. सिलिंडरच्या भिंतीपर्यंत ते पोचत नाही. सलग दहा-पंधरा मिनिटं चालवलं की रिंगा कोरड्या घासतात आणि ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. ज्यांना इम्पॅक्ट गन चालवायची आहे किंवा पाच-सहा गाड्यांच्या ताफ्याचे टायर भरायचे आहेत, त्यांनी सक्शनच्या नळीवर थेंब-थेंब तेल सोडणारा ल्युब्रिकेटर लावावा, मिनिटाला दोन-तीन थेंब. पलीकडे तेल पकडणारा कोलेसिंग फिल्टर हवाच.

आणि ती आतली वाट बुजवायचा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. बुजवायची असेल तर क्रँककेसला बाहेर श्वास घ्यायला वेगळं तोंड द्यावं लागतं, फिल्टर लावून. नाहीतर आतला दाब वाढत जातो आणि शाफ्ट सील पुढे ढकललं जातं. लेथवाल्याकडे जाऊन नीट करण्याचं काम आहे ते, घरी ड्रिल घेऊन करायचं नाही.

डेन्वरकर

इकडे अमेरिकेत जुन्या जीपवाल्यांची पहिली पसंती यॉर्कचा दोन सिलिंडरचा पंप असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या एएमसी जीप, फोर्ड, व्होल्वो यांच्यावर तो येत असे. इंजिनासारखा क्रँकशाफ्ट, खाली स्वतःचं तेलाचं पात्र. त्यामुळे तेल गॅसबरोबर फिरण्यावर तो अवलंबून नाही, आणि हवेसाठी सलग चालवता येतो. नंबरात २१० असेल तर तो मोठा, सुमारे १० घन इंच म्हणजे १६५-१७० सीसी. २०६ लहान, तो घेऊन पस्तावू नका. तोटा एवढाच की यॉर्क उंच, जड आणि धडधडणारा आहे, ब्रॅकेट दणकट लागतं. तेल तोही थोडं फेकतो, फिल्टर त्यालाही लागतोच. भारतात भंगारात क्वचितच दिसेल, त्यामुळे पाचशे आठ ही तिकडची व्यवहारी निवड आहे, याला +१.

खारंवारं

कोकणातून लिहितोय, पाण्याचा मुद्दा कोणी अजून काढला नाही. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत जवळपास २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा आठ किलोला दाबून ३५ अंशांवर थंड केली की वाफ म्हणून जेमतेम साडेचार ग्रॅम राहते. उरलेलं टाकीत पडतं. चार टायर १८ वरून ३२ केले, म्हणजे साधारण २२० लिटर हवा गेली, की टाकीच्या तळाशी चहाचा चमचाभर पाणी. जुलैत प्रत्येक वेळी एवढं. काढलं नाही तर टाकी आतून गंजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

टाकीचा ड्रेन कॉक सर्वांत खालच्या जागी हवा, हात पोचेल असा. काम झालं की आधी दाब उतरवून मग काढा. फिल्टरमध्ये पकडलेलं तेल बारीक नळीने परत सक्शनला सोडायची जी पद्धत आहे, ती पावसाळ्यात इकडे चालत नाही. तेलाबरोबर पाणीही परत जातं, आठवड्याभरात तेल ताकासारखं होतं. ते तेल बाटलीत घ्या आणि टाकून द्या.

सह्यवाट

खूप कामाची माहिती. यात सक्शनची जागाही येते. तोंड बॉनेटखाली उंचावर ठेवा, चाकाच्या उडणाऱ्या पाण्यापासून लांब. इंजिनाच्या एअर क्लीनरच्या स्वच्छ बाजूला नळी जोडली तर वेगळा फिल्टर लागत नाही, पण हे साध्या जुन्या डिझेलवरच. सीआरडीई (नव्या कॉमन रेल डिझेल) किंवा पेट्रोल इंजिनात हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या पुढून हवा चोरली तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, हिशोब चुकतो. तिथे स्वतंत्र फिल्टर बरा.

डिझेलवाला

वायरिंग?

पाना_१२

क्लच चारेक अँपिअर घेतो. बॅटरीपासून १० अँपिअरचा फ्यूज, मग ३० अँपिअरच्या रिलेचं ३० नंबरचं टोक, ८७ नंबरच्या टोकावरून क्लचला दीड एमएमची वायर. रिलेच्या कॉइलची वाट अशी: इग्निशननंतरचा करंट, डॅशबोर्डवरचा स्विच, प्रेशर स्विच, तापमान स्विच, मग ८६. ८५ अर्थला. क्लचची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. नसेल तर प्रत्येक वेळी क्लच सुटताना रिलेच्या पॉइंटवर ठिणगी पडते आणि ते पॉइंट चिकटतात. पॉइंट चिकटले म्हणजे पंप बंदच होत नाही, म्हणून ही आठ आण्यांची वस्तू विसरायची नाही.

प्रेशर स्विच सहाला चालू, आठला बंद. रंगाऱ्यांच्या कॉम्प्रेसरवर असतो तोच घ्या, अनलोडर असलेला. बंद झाल्यावर तो पंप आणि नॉन-रिटर्न यांच्यामधली हवा फुस्स करून सोडतो. तो नसेल तर पुढच्या वेळी क्लच भरल्या दाबावर पकडतो, पट्टा किंचाळतो आणि जुनी जीप आयडलला बंदच पडते. हाताने ओढायचा थ्रॉटल आधी १२००-१५०० आरपीएमवर घ्या, मग स्विच दाबा.

तापमान स्विच म्हणजे केएसडी ३०१ जातीची बटणाएवढी डबी, १३० अंशांची, तापल्यावर तुटणारी. डिस्चार्जच्या तोंडाजवळ हेडवर चापून बसवा. ग्रीसवाल्यांना तर ती हवीच.

पेट्रोलटाकी

टाकी म्हणून जुना गॅस सिलिंडर किंवा जाड पीव्हीसी पाइप चालेल का? आणि सेफ्टी व्हॉल्व एक पुरे ना?

सह्यवाट

दोन्ही टाक्या चालणार नाहीत. पीव्हीसी दाबाखालच्या हवेत फुटला तर त्याचे सुऱ्यांसारखे तुकडे उडतात. एलपीजीचा सिलिंडर कापणं, वेल्ड करणं जिवावर बेततं, आणि तो तुमच्या मालकीचाही नसतो. ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी घ्या, शक्यतो नवी. ती याच दाबासाठी बनते, तिला ड्रेनची जागा आणि पट्ट्याची बैठक असते. जुनी घेतलीत तर आधी पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १२ किलोवर अर्धा तास ठेवा. हवेने तपासू नका. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी नुसती चीर पडून पाणी गळतं. टाकीवर स्वतः वेल्डिंग करायचं नाही.

सेफ्टी व्हॉल्व दोन लावा. एक टाकीवर, १० किलोचा, आणि त्याच्या व टाकीच्या मध्ये कुठलाही कॉक नको. दुसरा पंप आणि नॉन-रिटर्न यांच्यामध्ये, १२ किलोचा. नॉन-रिटर्न बंद अवस्थेत अडकला तर टाकीवरच्या व्हॉल्वला काही कळतच नाही, आणि पंप बंद नळीत दाबत राहतो.

रिंगरूट

चालू एसीच्याच पंपाला दोन कॉक लावून, हवं तेव्हा गॅस आणि हवं तेव्हा हवा, असं करता येईल का? दुसऱ्या ब्रॅकेटची जागाच नाही.

पाना_१२

नाही. कॉक कितीही चांगले असले तरी पंपाच्या पोटातली ओलसर हवा गॅसमध्ये जाणार. एसीत ओल गेली की एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये बर्फ धरतो, तेल आम्लयुक्त होतं. आणि उलट बाजूने, आर-१३४ए साध्या दाबाला पेटत नसला तरी हवेत मिसळून दाबला आणि तापवला की पेटू शकतो. जागा नसेल तर चांगला दोन सिलिंडरचा १२ व्होल्टचा पंप घ्या, थेट बॅटरीवर जोडलेला. त्यात कमीपणा नाही.

रिंगरूट

ठीक. आणि इम्पॅक्ट गन चालेल? ट्यूबलेसची कड बसवता येईल?

सह्यवाट

अर्धा इंची इम्पॅक्ट गन चालते. १० लिटरची टाकी आठवरून तीनवर येईपर्यंत ५० लिटर हवा देते, पाच नट सैल करायला बहुतेक पुरते. तेवढ्यात पंप मागून भरत असतो. हवेचा ग्राइंडर मात्र नाही, त्याची भूक सतत असते आणि पंपाला दम घ्यायला वेळच मिळत नाही.

टायरची कड बसवताना व्हॉल्वच्या आतला कोअर काढून ठेवा, हवा मोकळी जाते. कडेला साबणाचं पाणी लावा. ४० पीएसआयच्या वर न्यायचं नाही. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. रेग्युलेटर याच कामासाठी आहे, आठ किलो थेट टायरला कधीच द्यायचे नाहीत.

रंगकामाला ही हवा वापरू नका, तेलाच्या बारीक थेंबांनी रंगात माशाच्या डोळ्यासारखे डाग उठतात. आणि श्वास घ्यायला, पाण्याखाली नळीने हवा द्यायला तर कदापि नाही. हिच्यात तेलाची वाफ असते, इंजिनाचा धूर असू शकतो. फिल्टर लावून ती श्वासाजोगी होत नाही.

खारंवारं

महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर काय करावं? पावसात इकडे जिपा चार महिने झाकलेल्याच असतात.

पाना_१२

टाकी रिकामी करून ड्रेन कॉक उघडा ठेवा. सक्शनच्या नळीत पाच-सहा मिली कॉम्प्रेसर तेल घालून इंजिन आयडलवर, कपलर उघडा ठेवून, अर्धा मिनिट चालवा. नळीतून तेलाचा हलका फवारा दिसला की बंद. मग सक्शनच्या तोंडावर रबरी बूच आणि त्या बुचाला लाल चिंधी, म्हणजे ऑक्टोबरात कोणी तसंच स्विच दाबणार नाही. अधूनमधून पट्टा सैल करून क्लचची थाळी हाताने चार-सहा फेरे फिरवा. सील एका जागी चिकटून बसत नाही. परत सुरू करताना पहिल्यांदा तेलाचा बोल्ट उघडून रंग बघा. दुधट असेल तर पूर्ण बदला, नुसती भर घालू नका.